प्रिस्काची कासवं

त्या रविवारी एव्हारिस्तोच्या घरी चर्चच्या खुर्च्या पुन्हा आल्या. मे महिन्यात आल्या होत्या त्याच, पाठीवर पांढऱ्या रंगाने आकडे घातलेल्या. तेव्हा त्या अंगणात आंब्याखाली मांडल्या होत्या आणि त्याची बायको प्रिस्का आत शवपेटीत होती. आता जोसफातने त्या बाहेरच्या खोलीत समोरासमोर दोन ओळींत लावल्या, एक आपली, एक त्यांची, मधे चटई. सात नंबरच्या खुर्चीचा पाय तेव्हाही डुगडुगत होता. एव्हारिस्तोने ती ओळखली आणि स्वतःसाठी ओढून घेतली.

"दादा, तू मधे बस," जोसफात म्हणाला. "मामा तू आहेस. शब्द तुझा."

"माहीत आहे."

"माहीत आहे, पण तोंड बघ कसं केलंयस. ते लोक तोंड बघूनच अर्धं ठरवतात."

"तोंड पाच महिने असंच आहे."

जोसफातने आणखी एक खुर्ची सरळ केली. तो धाकटा भाऊ, चर्चचा वडीलधारा म्हणून नुकताच निवडून आलेला, आणि भाचीचं लग्न मोडलं असं त्या चर्चमध्ये कुणी म्हणावं हे त्याला नको होतं.

भाची, एक्सिल्डा, नऊ दिवसांपूर्वी सासरहून, किट्वेहून, सकाळच्या पहिल्या मिनीबसने आली होती. डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्या हाताला चार वर्षांची लेक लुबुतो. डाव्या कानाने तिला ऐकू येत नव्हतं, हे घरच्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. आज तिच्या नवऱ्याची माणसं तिला न्यायला येणार होती. अशा वेळी मुलीच्या थोरल्या मामाचा शब्द शेवटचा. मामा 'जा' म्हणाला तर जायचं, 'राहा' म्हणाला तर राहायचं. आईसुद्धा त्यावर बोलत नाही.

एव्हारिस्तोचं अजून काही ठरलं नव्हतं. बेचाळीस वर्षं तो चारचौघांत जो शब्द बोलला, तो आदल्या रात्री प्रिस्काने ठरवलेला असे. लोक म्हणत, एव्हारिस्तो खाणीत लिफ्टचं चक्र चालवायचा, तसा तोलूनमापून बोलतो. तोलायची प्रिस्का. आता रात्री तो उशीवर विचारायचा आणि उत्तर यायचं नाही.

आणि या प्रकरणात प्रिस्का काय म्हणाली असती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. ती नाचिम्बुसा होती, नवऱ्या मुलींना लग्नाआधी संसार शिकवणारी. मिकोम्फ्वा वस्तीत साठ-पासष्ट मुली तिच्या हाताखालून गेल्या. बंद खोलीत, मातीच्या वस्तू पुढे ठेवून, गाणी म्हणत ती शिकवायची. त्या वस्तूंकडे पुरुषाने बघायचं नसतं. त्यांची टोपली तिच्या बाजूला पलंगाखाली असे. छप्पर गळलं तेव्हा एकदा आणि ती गेली तेव्हा एकदा अशी दोनदाच एव्हारिस्तोने ती टोपली उचलली होती, दोन्ही वेळा मान फिरवून.

स्वयंपाकघरात त्याची बहीण आयरीन मक्याच्या पिठाची न्शिमा घोटत होती. एक्सिल्डा तिचीच मुलगी.

"ताई, कोंबडीची मांडी कुणाला वाढणार आहेस?" जोसफातने दारातून विचारलं.

"ज्याला दात आहेत त्याला."

"चेष्टा नको. डेव्हिसला वाढ. जावई आहे."

"वाढते की," आयरीन म्हणाली. तिने लाकडी पळा भांड्याच्या काठावर आपटला. सकाळपासून ती हेच म्हणत होती, जाऊ दे तिला, नवऱ्याचं घर आहे, आपण सगळ्याच गेलो. पण म्हणताना ती मुलीकडे बघत नव्हती.

*

पाहुणे दोनच आले. डेव्हिस मकासा इस्त्रीच्या शर्टात, आणि त्याची आत्या गर्ट्रूड. तिने शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली होती आणि तिचा आवाज अजून तीनशे पोरांना पुरेल असा होता. तिच्या काखेत पाय बांधलेली पांढरी कोंबडी होती.

"कुठं ठेवू हिला, बाशीकातोंगो?" तिने विचारलं. कातोंगो एव्हारिस्तोचा मुलगा. त्याचा बाप म्हणून वस्ती त्याला बाशीकातोंगो म्हणे आणि प्रिस्काला बानाकातोंगो. "हात भरून आला माझा. तुमच्या रस्त्याला खड्डे एवढे, वाटेत अंडं घातलं असेल तर ते तुमचं."

माफीची कोंबडी होती ती. घरच्यांनी ती स्वयंपाकघरात नेली की माफी पोचली असं समजतात. जोसफातने हात पुढे केला.

"चटईवर राहू दे," एव्हारिस्तो म्हणाला.

जोसफातने हात मागे घेतला. कोंबडी चटईवर एका कुशीवर पडून राहिली, एक डोळा छताकडे.

तेवढ्यात आणखी एक बाई आत आली, साधी, पन्नाशीची, हातात फक्त वही. ती एक्सिल्डाच्या उजव्या बाजूला बसली, आणि बसण्याआधी तिने एक्सिल्डाची खुर्ची थोडी फिरवली, दार तिला समोर दिसेल अशी.

"ही कोण?" गर्ट्रूडने विचारलं.

"फेबी सिमवान्झा. दवाखान्यामागच्या सल्ला केंद्रातली. एक्सिल्डानं बोलावलं म्हणून आले. मी इथं काही ठरवणार नाही."

"ठरवणार नाही तर आलात कशाला? न्शिमा खायला?"

"मिळाली तर खाईन."

आयरीन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या तोंडावर हसू येऊन गेलं.

"बाई, राग मानू नका," जोसफात म्हणाला, "पण हे घरचं आहे. आमच्याकडे मोठी माणसं आहेत, चर्च आहे."

"चर्च मलाही आहे. मी गप्प बसेन."

"गप्प का? तुम्ही नवराबायकोला समजावता ना केंद्रात?" गर्ट्रूड म्हणाली. "मग समजवा. दोघं समोर आहेत. दोघांचं चुकलं असेल, दोघांना सांगा, आम्ही घेऊन जातो. दिवस मावळायच्या आत किट्वे गाठायचंय."

"मारहाण चालू असते तिथं मी दोघांना समोरासमोर बसवत नाही, आई. बाई नवऱ्यादेखत खरं बोलली की त्याचं उत्तर तिला घरी गेल्यावर मिळतं."

"चालू नाहीये," डेव्हिस हळू आवाजात म्हणाला. "थांबलंय."

"कधीपासून?"

"नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस ती इथं आहे," आयरीन दारातून म्हणाली.

डेव्हिसने हनुवटी छातीला लावली. तो वाईट दिसणारा माणूस नव्हता. एव्हारिस्तोला तो आवडायचा, हीच अडचण होती. तांब्याचे ट्रक बंदरापर्यंत नेऊन आणायचा, जाऊन-येऊन अठरा दिवस. येताना वाळवलेली मासळी आणायचा आणि पहिला वाटा मामाच्या घरी टाकून मगच किट्वेला जायचा.

"मामा, मी काही लपवत नाही," तो म्हणाला. "हात उचलला. अठरा दिवस झोप नसते. सीमेवर चार-चार दिवस रांगेत. घरी यावं तर ही फोनवर. कुणाचा म्हटलं तर सांगेना. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मीच तिला दवाखान्यात नेलं, विचारा तिला. मी रडलो तिथं." आणि तो तिथेही रडायला लागला, आवाज न करता. "मी तुम्हाला बाप मानलंय. मामींची कबर मी खणलीय, मामा."

खरं होतं. मे महिन्यात जमीन दगडासारखी होती. बाकीच्यांनी आळीपाळीने कुदळ घेतली, डेव्हिसने शेवटपर्यंत सोडली नाही. उघड्या पाठीवरून घाम वाहत होता आणि एव्हारिस्तो काठावर उभा राहून त्या पाठीकडे बघत होता, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं. हे ऋण कसं विसरायचं, ते त्याला कळत नव्हतं.

गर्ट्रूडने ते ओळखलं. ती पुढे सरकली. आता तिचा आवाज मऊ होता.

"बाशीकातोंगो, हिला शिकवलं कुणी? बानाकातोंगोनं. माझ्या दोन भाच्यांनाही तिनंच शिकवलं. एक तरी परत आली का? दगड आला की कासवासारखं डोकं आत घ्यायचं, घर पाठीवर तसंच राहू द्यायचं, हे तिचंच ना? पुरुषांपुढं एवढं बोलू नये, पण बोलते. तिच्या हातची मुलगी बोचकं घेऊन माहेरी बसली, हे तिला कबरीत कळलं तर ती कूस बदलेल."

प्रिस्काच्या नावाला कुणी बोल लावावा हे एव्हारिस्तोला सहन होत नव्हतं. तिचं नाव एवढंच तर घरात उरलं होतं. 'जा' म्हणावं, त्याला वाटलं. ती हेच म्हणाली असती. डेव्हिसला चार शब्द सुनवावेत, चर्चपुढे कबूल करायला लावावं, आणि जा म्हणावं.

"आणि सोसणं काय नवीन आहे या घरात?" जोसफातला जोर आला. "बाबा खाणीतून वर आले की पट्टा काढायचे, दादा, तू बघितलंयस. आई गेली का सोडून? आईनं पाच पोरं मोठी केली. कुणी केंद्रात गेलं? कुणी—"

त्याचा आवाज चढला तशी लुबुतो उठली. ती आईच्या पायाशी खेळत होती. ती दाराकडे गेली, चपलांच्या ढिगातून तिने आईच्या दोन चपला शोधून काढल्या, आणि त्या मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली. रडली नाही. दाराकडे तोंड करून बसली, बस यायची असल्यासारखी.

सगळ्यांनी ते बघितलं. गर्ट्रूड कोंबडीकडे बघू लागली.

"आई गेली होती," आयरीन म्हणाली.

"काय?"

"तू झोळीत होतास तेव्हा, जोसफात. दादा गावी आजोबांकडे होता. आई गेली होती. बसच्या थांब्यावर बसली होती, तुला पाठीशी बांधून. बाबांनी मला पाठवलं. नऊ वर्षांची होते. म्हणाले, जा, म्हणावं आता नाही मारणार. मी पळत गेले. म्हटलं, आई, बाबा म्हणतात आता नाही मारणार. आई माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, माझा हात धरला आणि घरी आली." आयरीनने हात पुसले, ते कोरडेच होते. "बाबांनी मला शाबासकी दिली. मूठभर साखर दिली. मी ती दोन दिवस पुरवून खाल्ली."

"ताई, तू हे कधी—"

"कुणी विचारलं नाही. आणि आई काही बोलली नाही. पण त्या दिवसानंतर तिनं माझा हात कधी धरला नाही. मरेपर्यंत नाही." ती वळून गर्ट्रूडला म्हणाली, "सकाळपर्यंत मीही म्हणत होते, जा. आता माझ्या तोंडून ते निघत नाही. माझी मुलगी आहे. मला अधिकार नाही, शब्द दादाचा. पण मी तिला थांब्यापर्यंत सोडायला जाणार नाही."

गर्ट्रूड म्हणाली, "जुन्या गोष्टी काढायच्या तर आमच्याकडेही पोतंभर आहेत, बाई."

"असतील. तुमच्या डाव्या मनगटावर डाग आहे तो चुलीचा नाही, एवढं मलाही दिसतं."

गर्ट्रूडने बाही खाली ओढली.

*

रिवाज असा की मुलीला सगळ्यात शेवटी विचारायचं. एव्हारिस्तो तिच्या उजव्या बाजूला वळला.

"एक्सिल्डा, तुझं काय म्हणणं?"

"माझं म्हणून झालंय, मामा."

"कधी? नऊ दिवसांत तू एक शब्द बोलली नाहीस. मी विचारलं नाही असं नाही."

"मामीला सांगितलं होतं."

"मामी मेमध्ये गेली."

"जूनमध्ये सांगितलं. कासव पाठवलं."

त्याला वाटलं पोरीच्या डोक्याला मार लागलाय. त्याने फेबीकडे बघितलं. फेबीने डोळे मिटले होते.

"या गोष्टी इथं बोलायच्या नसतात," गर्ट्रूड पुटपुटली, पण सवयीने म्हणावं तशी.

"मला बोलायचंय," एक्सिल्डा म्हणाली. ती नको तेवढं मोठ्याने बोलत होती, ऐकू न येणारं माणूस बोलतं तसं. "मामी शेवटच्या दिवशी प्रत्येकीला एक मातीचं कासव द्यायची. सगळ्यांसमोर म्हणायची, डोकं आत घ्यायला शिक. मग सगळ्या बाहेर गेल्या की कानात सांगायची, पाठ तडकायला लागली तर डोकं आत घेऊन उपयोग नाही. तेव्हा कुणाशी बोलू नको. हे कासव मला परत पाठव. मी येईन." तिने प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. "जूनमध्ये यांनी पहिल्यांदा डोक्यावर मारलं. मामी नाही हे माहीत होतं. पण मला वाटलं, घर तर आहे. कुणीतरी सोडेल गाठोडं, विचारेल हे कसलं. शेजारच्या बाईच्या हाती पाठवलं. ती म्हणाली, मामांच्या हातात दिलं. मी वाट बघितली. कुणी आलं नाही. मग मला वाटलं, हेच उत्तर आहे."

एव्हारिस्तोला सगळं आठवलं. इथला जून थंडीचा; तशीच गारठ्याची सकाळ होती. बाई दारात उभी होती, हातात हिरव्या चितेंगेच्या, बायका कमरेला गुंडाळतात त्या कापडाच्या, चिंधीत बांधलेलं मुठीएवढं काहीतरी. 'एक्सिल्डानं दिलंय, बानाकातोंगोसाठी.' त्याला वाटलं, शिष्या आपल्या गेलेल्या गुरूची वस्तू मानाने परत करतेय. गाठीवरून बोट फिरवलं तेव्हा आतल्या मातीचा आकार लागला. त्याने लगेच बोट काढून घेतलं. बायकांचं होतं ते. मान फिरवून त्याने ते पलंगाखालच्या टोपलीत ठेवलं आणि बाईला चहा विचारला. त्या दिवशी त्याला आपलं वागणं चांगलं वाटलं होतं. प्रिस्का नसतानाही आपण तिची रीत पाळली, असं.

तो उठला. आतल्या खोलीत गेला आणि टोपली घेऊन आला, या वेळी मान न फिरवता.

"दादा, ते बायकांचं आहे," जोसफात उभा राहिला.

"बस खाली."

त्याने टोपली चटईवर कोंबडीशेजारी ठेवली. "आयरीन, सोड."

आयरीन खाली बसली. वर शिकवण्याच्या वस्तू होत्या, त्या तिने पदराखाली बाजूला केल्या. तळाशी कासवं निघाली. एक, दोन, चार. लहान, भाजलेल्या मातीची, प्रत्येकासोबत वेगळ्या चितेंगेची चिंधी. त्यांच्या गाठी सोडलेल्या होत्या, चिंध्या नीट गुंडाळलेल्या. अकरा होती.

"अकरा," फेबी म्हणाली. "बरोबर आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"ती दर सोमवारी यायची माझ्याकडे, बाशीकातोंगो."

"सोमवारी ती रक्तदाब तपासायला जायची."

"ते दोन मिनिटांचं काम. मग मागच्या दारानं केंद्रात. कासव आलं असलं तर पिशवीतून काढून टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, चल. त्या मुलीच्या घरी आम्ही दोघी जायचो. मी भाजीवाली म्हणून, ती मुलीची नाचिम्बुसा म्हणून. मुलीला एकटीला विचारायचो, काय पाहिजे. चौघींना नवऱ्याकडेच राहायचं होतं. आम्ही दर आठवड्याला जाऊन बघून यायचो. सात जणी निघाल्या. कुणाला बहिणीकडे, कुणाला न्दोलाच्या निवाऱ्यात पोचवलं."

"गाणी म्हणून शिकवायची सोस म्हणून, आणि हे करायची?" जोसफातचा आवाज बारीक झाला होता.

"लिस्टर नावाची तिची शिष्या होती. लिस्टर तीनदा सांगायला आली, तीनदा बानाकातोंगोनं समजूत घालून परत पाठवली. चौथ्यांदा लिस्टरचा भाऊ आला, मयतीला चला म्हणून. कासवं त्यानंतरची."

एव्हारिस्तोला ते वर्ष आठवलं. प्रिस्काने चहात साखर घ्यायचं सोडलं होतं. का विचारलं तर म्हणाली, नवस आहे. त्याने पुढे विचारलं नाही. बायकांचे नवस असतात.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

फेबीने वही मांडीवर ठेवली. "मी विचारलं होतं एकदा. म्हणाली, ते मला थांबवणार नाहीत. पण जोसफातला सांगतील."

आयरीनला हसू फुटलं आणि ते मधेच रडण्यात गेलं. जोसफात खुर्चीच्या पाठीवरचा आकडा नखाने खरवडत राहिला.

एव्हारिस्तो उभाच होता. खूप दिवसांनी त्याला उशीवर विचारलेल्याचं उत्तर मिळालं होतं, आणि ते चार महिने उशिरा मिळालं होतं, आणि ते त्याच्याच पलंगाखाली होतं.

"शब्द माझा आहे ना?" तो म्हणाला. "एक्सिल्डा जाणार नाही. लुबुतोही नाही. पोलिसांचा कागद भरायचा की नाही ते ती आणि फेबीबाई बघतील, त्यात मी पडणार नाही, आणि कुणी पडू नये. आता दुसरं. गाठोडं माझ्या हातात आलं होतं. मी ते सोडलं नाही. जूनमध्ये सोडलं असतं तर तिचा कान असता. हे मी सगळ्यांसमोर सांगतो."

"कान ज्यानं मारलं त्याच्यामुळं गेला," फेबी म्हणाली.

"आधी त्याच्यामुळं. मग माझ्यामुळं."

डेव्हिस उठला. "मामा, मी कबर खणली त्यांची."

"खणलीस. मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणूनच सांगतो, या घरातली दुसरी तुला खणायला लागू नये."

डेव्हिसचा चेहरा त्या वेळी बदलला. क्षणभरच. रडणं गेलं आणि खाली जे होतं ते दिसलं, आणि एक्सिल्डाचा प्लास्टरचा हात आपोआप डोक्याकडे गेला. एव्हारिस्तोने दोन्ही बघितलं. मग त्याने वाकून कोंबडी उचलली आणि गर्ट्रूडच्या हातात दिली.

गर्ट्रूडने ती घेतली. दारात तिने लुबुतोच्या डोक्यावर हात ठेवला आणि भाच्याला म्हणाली, "चल. पुढं हो. माझ्या मागून चालू नको."

न्शिमा कुणी खाल्ली नाही. जोसफात खुर्च्या एकात एक घालू लागला. "पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये काय सांगू, दादा?"

"घडलं ते सांग."

"तुला सोपं आहे. तू घरी बसणार." तो खुर्च्या घेऊन गेला तो पुढे ख्रिसमसपर्यंत या घरात आला नाही.

*

आयरीन टोपली भरत होती. पदराखाली बाजूला केलेल्या वस्तू उचलताना तिचा हात थांबला.

"दादा, इथं दोन गाठोडी आहेत."

अकरा सुटलेली होती. दोन अजून बांधलेली. एक हिरव्या चिंधीतलं, एक्सिल्डाचं. दुसरं तपकिरी, त्यावर पिवळे पक्षी.

"हे कुणाचं?" फेबीने विचारलं. ती उठून उभी राहिली होती.

एव्हारिस्तोने ते हातात घेतलं. जुलै असावा. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना होती, अंगण भरलेलं. कुणीतरी हात हातात घेतला, 'बानाकातोंगोसाठी' म्हटलं, मुठीत हे ठेवलं आणि पुढे गेलं. त्या दिवशी शंभर लोकांनी हात हातात घेतले होते. तोंड आठवेना. बाई होती एवढंच. हात ओला होता, का ते त्याला कळलं नव्हतं.

"मी हेही ठेवून दिलं," तो म्हणाला.

त्याने स्वतःच गाठ सोडली. घट्ट होती, दातांनी सोडावी लागली. आत कासव होतं, बाकीच्यांसारखंच. नाव नाही, खूण नाही. प्रिस्काला लिहिता येत नव्हतं. साठ-पासष्ट मुली, आणि त्यातली कुठली, हे एकट्या तिला माहीत.

"चिंधी नवरीच्या चितेंगेची असते," एक्सिल्डा म्हणाली. "शिकवताना नेसलेली असते ती. फाडून बांधून घेते मामी."

संध्याकाळी तो तिच्या उजव्या बाजूला पायरीवर बसला. लुबुतो चपला उशाशी घेऊन आत झोपली होती.

"किती दिवस वाट बघितलीस?"

"भाजी चिरते तिथून रस्ता दिसतो, मामा. जुलै संपेपर्यंत बघत होते. मग जागा बदलली चिरायची."

तो तपकिरी चिंधी बोटांत फिरवत राहिला.

सोमवारी सकाळी तो प्रिस्काच्या वेळेला निघाला. दवाखान्यावरून पुढे बाजारात गेला आणि टोमॅटोवालीसमोर उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली, मग खिशातून तपकिरी चिंधी काढली. त्याचे कान तापले होते.

"हे कुणी नेसलेलं बघितलंय का?"

बाईने चिंधी बघितली, मग त्याच्याकडे. ती प्रिस्काची शिष्या होती, लग्नात तो जेवला होता. "मामा, हे तुमच्या हातात कसं?"

"बानाकातोंगो नाहीये म्हणून."

तिने हात पदराला पुसले, चिंधी घेतली, उलटीपालटी केली आणि शेजारणीकडे दिली. शेजारणीने तिच्या शेजारणीकडे. कांदेवाली, मासळीवाली, शेंगदाणेवाली. कुणी मोठ्याने काही विचारलं नाही. चिंधी ओळीतून पुढे गेली आणि एव्हारिस्तो तिच्यामागून चालत राहिला. ओळीच्या शेवटी कोळसा विकणारी एक म्हातारी होती. तिने चिंधी डोळ्यांजवळ नेली.

"सेलिनाची," ती म्हणाली. "माझ्या दिराची नात. रोआन वस्तीत दिलीय."

"कशी आहे?"

म्हातारीने चिंधी त्याच्या हातात परत दिली. "ऑगस्टपासून बाजारात दिसली नाही," ती म्हणाली. "मी विचारलं नाही."

"घर दाखवाल?"

म्हातारीने कोळशावर पोतं टाकलं आणि उठली.